पुण्याचं गाडीभाडं तू हिशोबात धरलंच नाहीस

या वेळचं पत्र कोल्हापुरातलंच आहे. ओळख पटेल असं सगळं काढून, थोडं कापून देतोय.

"दादा, मी २७ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. हातात २४ हजार येतात. १० घरी देतो, गाडीचा हप्ता ३,२००, बहिणीच्या लग्नाला सोसायटीचं कर्ज काढलंय त्याचे ४ हजार. मी गे आहे, घरी माहीत नाही. पुण्यात माझा एक जण आहे, आयटीत, दीड वर्ष झालं. आमची सुट्टी सोमवारी, म्हणून महिन्यातनं दोनदा रविवारी हाफ डे टाकून जातो आणि सोमवारी रात्री परत. त्याचं अधूनमधून दुसऱ्यांबरोबर असतं, त्यानं ते लपवलेलं नाही आणि मी पण मान्य केलंय. कंडोम बहुतेक वेळा असतो. तो प्रेपची, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी घेतो, मला पण घे म्हणतोय. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं महिन्याची बाटली दोन हजाराच्या आसपास, शिवाय टेस्ट, लॅबनं सगळ्याचं पॅकेज साडेतीन हजार सांगितलं. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलात करायला नको वाटतं, आमच्या गल्लीतली एक काकू तिथं कामाला आहे. तो म्हणतो पैसे मी देतो, ते मला नकोय. आणि मी आजारी नाही, मग दर महिन्याला दोन हजार गोळीला घालायचे हे मनाला पटत नाही, पण गाडीला ३,२०० देताना मी एकदा पण विचार केला नव्हता, याची लाज वाटते. एवढंच सांगा, या गोळीसाठी माझ्यासारख्यानं किती पैसे देणं बरोबर आहे?"

भावा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वहीवर तुझा हिशोब मांडून बघितला. २४ हजारातनं १० घरचे, ३,२०० हप्त्याचे, ४ हजार सोसायटीचे गेले की ६,८०० उरतात, त्यातनं पेट्रोल, मोबाईल, कधी आईची औषधं, कधी मित्रांबरोबर जेवण, हे तू लिहिलं नाहीस पण असणारच. पण अजून एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पुण्याचं गाडीभाडं. महिन्यात दोन फेऱ्या, येऊन-जाऊन एका फेरीला हजाराच्या आत-बाहेर जातातच, स्वारगेटवरनं पुढची रिक्षा आणि वाटेतला चहा-वडा धरला तर जास्तच. म्हणजे महिन्याला दोन हजार, दीड वर्ष. आणि तू अकाउंट्सला आहेस, दुसऱ्यांचे पैसे पै-पैनं मांडणारा माणूस, तो हा खर्च विसरतो म्हणजे तो तुझ्या मनात खर्च म्हणून बसलाच नाहीये. मी तुला त्यावरनं बोलत नाहीये, उलट मला ते वाचून बरं वाटलं की कोणासाठी तरी तू हिशोब न करता जातोस. फक्त एवढं बघ की त्याला भेटायला दोन हजार तुला जड गेले नाहीत आणि भेटून आल्यावर तुझ्या अंगाची काळजी घ्यायला तेवढेच दोन हजार जड जातायत.

गाडीच्या हप्त्याची लाज मात्र काढून टाक. गाडी घेतलीस तेव्हा शोरूमला हार घातला असशील, पेढे वाटले असशील, अंबाबाईला जाऊन आला असशील, वडिलांना मागं बसवून जोतिबाला नेलं असशील. ज्या गोष्टीचं चार लोक कौतुक करतात तिला पैसे देताना हात अडखळत नाही. प्रेपच्या बाटलीला कोण पेढे वाटणार? आणि तिचं यश पण असं की काहीच होत नाही, टेस्ट केली निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत केली निगेटिव्ह, त्यात दाखवण्यासारखं काय नाही. बऱ्याच देशांत गे पुरुषांचे सर्व्हे झालेत, की या गोळीला महिन्याला किती द्याल म्हणून, आणि त्यात माणसाची कमाई जशी मोजली जाते तशीच ही गोष्टपण मोजली जाते की त्याला स्वतःला धोका किती वाटतो. धोका ज्याला दिसत नाही तो शंभर रुपयाला पण नको म्हणतो. तुला दिसतोय, म्हणून तर एवढं लांबलचक पत्र लिहिलंस.

आता दोन हजार हा आकडा कुठनं आला ते सांगतो, कारण मला वाटतं हे आपल्याला कोणी सांगतच नाही. या गोळीत दोन औषधं असतात, टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारात ही आधीपासनं होती, मग कळलं की झालेला नसताना घेतली तर व्हायरस अंगात घर करू शकत नाही. अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये तिला प्रेप म्हणून मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ ला पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आणि २०१५ ला जास्त धोका असणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगितली. अमेरिकेत मूळ कंपनीच्या बाटलीला महिन्याला हजार डॉलरच्या वर पडायचे. आपल्याकडं ती दोन हजार रुपयांत मिळते याचं कारण आपले कारखाने जेनेरिक बनवतात, आणि टेनोफोविरवरचे पेटंटचे दावे आपल्या पेटंट ऑफिसनं २००९ मध्ये फेटाळले म्हणून बनवू शकतात. त्या आधी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो म्हणून सांगितलं तेव्हा जगभर खळबळ झाली होती, कारण तोवर तोच उपचार दहा-पंधरा हजार डॉलरला जायचा.

हे मी पाठ करून सांगत नाही. माझा एक मित्र होता, राजारामपुरीत खोली घेऊन राहायचा, २००२ ला त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. स्वस्त झाली म्हटलं तरी आपल्यासारख्याच्या खिशाला ती औषधं जडच होती. त्यानं एम-एटी गाडी विकली, चेन गुजरीत सोनाराकडं ठेवली, पैसे असतील त्या महिन्यात औषध घ्यायचा, नसतील त्या महिन्यात बंद, आणि असं चालू-बंद केलं की ही औषधं लागूच पडेनाशी होतात, ते आम्हाला तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं. सरकारनं १ एप्रिल २००४ पासनं काही मोजक्या हॉस्पिटलात फुकट द्यायला सुरुवात केली. तो त्याच्या आदल्या दिवाळीत गेला. तेव्हा पगार होते तीन-चार हजार आणि तो महिन्याला किती पैसे द्यायला तयार होता ते मी डोळ्यानं बघितलंय, पण तेव्हा पैसे आणायचे कुठनं हाच प्रश्न होता. म्हणून 'आजारी नसताना पैसे का घालू' हे कोणी म्हटलं की मला आत कुठंतरी लागतं, तुझ्यावर राग नाही.

आता तुझ्या कामाचं. तू रोजच्या गोळीचा हिशोब धरलायस, ३० दिवस ३० गोळ्या, म्हणून महिन्याला बाटली. तुझ्या पत्रावरनं तुला बहुतेक त्याची गरजच नाही.

पुरुषांसाठी अजून एक पद्धत आहे, गरजेपुरती घ्यायची, तिला दोन-एक-एक म्हणतात. संबंधाच्या आधी २ ते २४ तासांच्या मध्ये दोन गोळ्या एकदम, मग पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक, आणि अजून २४ तासांनी एक. संबंध दुसऱ्या दिवशी पण झाला तर रोज एक चालू ठेवायची आणि शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस घेऊन थांबायचं. फ्रान्स आणि कॅनडात ४०० पुरुषांवर याची ट्रायल झाली, २०१५ मध्ये रिझल्ट आला, साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा लागण ८६ टक्क्यांनी कमी. ब्रिटनमध्ये रोजच्या गोळीची ट्रायल झाली होती तिचा आकडा पण ८६च आला होता. २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेनं पण ही पद्धत पुरुषांसाठी मान्य केली.

तुझं वेळापत्रक घे. रविवारी दुपारी एक वाजता फाउंड्रीत डब्याबरोबर दोन गोळ्या. दोनची गाडी, रात्री आठपर्यंत पुण्यात. सोमवारी एक वाजता एक, मंगळवारी एक वाजता कामावर डब्याबरोबर एक, आणि सोमवारी पण काही झालं असेल तर बुधवारी अजून एक. म्हणजे एका फेरीला चार किंवा पाच गोळ्या, महिन्याला आठ ते दहा. ३० ची बाटली तुला तीन महिने जाते. महिन्याला पडले साडेसहाशे-सातशे. दोन हजार आणि सातशे यात तुझ्यासारख्या पगाराच्या माणसाला केवढा फरक आहे ते तुला मी सांगायला नको.

पण हे फक्त तू पत्रात लिहिलंयस तेवढंच असेल तर. मधल्या दिवसांत इथं कोल्हापुरात अ‍ॅपवरनं कोणी भेटत असेल, अचानक ठरत असेल, दोन तास आधी माहीतच नसतं असं असेल, तर गरजेपुरतीचा उपयोग नाही, रोजचीच घ्यावी लागेल. मला सांगू नकोस, स्वतःला खरं सांग. आणि रविवारच्या त्या दोन गोळ्या विसरून नुसती एक-एक घेतली तर ते दोन-एक-एक होत नाही, जोर त्या पहिल्या दोनवरच आहे. अमेरिकेसकट सहा देशांत जी पहिली मोठी ट्रायल झाली, २०१० ची, त्यात सगळ्यांचं मिळून संरक्षण ४४ टक्केच आलं होतं, लोक हादरले, मग रक्त तपासल्यावर कळलं की बऱ्याच जणांच्या रक्तात औषधच नव्हतं. ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात धोका ९२ टक्क्यांनी कमी होता. बाटली घरात असून भागत नाही.

बाटलीवरनं आठवलं, लपवायला म्हणून गोळ्या दुसऱ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओतू नकोस, बरेच जण करतात. आत जी छोटी पुडी असते ओल धरू नये म्हणून, ती फेकू नकोस, आणि झाकण घट्ट लाव, आपल्याकडं जून-जुलैत कपाटातले कपडे पण ओले लागतात. लेबल सोलून टाकायचं तर टाक, बाटली तीच ठेव.

टेस्टच्या साडेतीन हजारावर मला जास्त बोलायचंय, कारण त्यातले निम्म्याहून जास्त पैसे टेस्टचे नाहीतच, ते काकूचे आहेत. तू काकूला दिसू नयेस म्हणून ते पैसे देतोयस. मला हे कळतं कारण मी हेच केलंय.

मी २०१९ पासनं प्रेप घेतोय. पहिली चिठ्ठी घेऊन इथल्याच एका गर्दीच्या रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो, संध्याकाळची वेळ, माझ्या मागं चार-पाच जण, एक बाई पोराला कडेवर घेऊन खोकल्याचं औषध मागत होती. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली, मोबाईलवर नाव टाकलं, आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, मालक, ही एचआयव्हीची गोळी आपल्याकडं येती काय. ती बाई सरकली, म्हणजे खरंच एक पाऊल बाजूला झाली, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी चिठ्ठी घेतली आणि राहू दे म्हणून बाहेर पडलो, गाडीची किल्ली लावताना हात थरथरत होता. त्यानंतर वर्षभर मी दर तीन महिन्यांनी बाटल्या आणायला पुण्याला जायचो, रजा टाकून. नंतर कधीतरी हिशोब केला तर गाडीभाडं आणि कापलेला पगार मिळून जवळपास एका बाटलीएवढे पैसे दर वेळी जात होते. मग २०२० ला लॉकडाऊन लागला, गाड्याच बंद. बाटलीत अकरा गोळ्या राहिल्या होत्या. दुपारी अडीचला, रस्त्यावर कोणी नसताना, दुसऱ्याच भागातल्या एका मेडिकलमध्ये गेलो, वयस्कर मालक एकटाच बसलेला, चिठ्ठी पुढं ठेवली आणि म्हटलं ही मागवून मिळेल काय. त्यांनी चष्मा वर करून वाचली, म्हणाले परवा या. परवा गेलो तर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेली, बिल आत. एक शब्द विचारला नाही. आजपण त्यांच्याकडनंच घेतो.

सगळे मेडिकलवाले असे भेटतील असं नाही. पण तू गोळीची किंमत आणि लपायची किंमत एकाच रकान्यात मांडलीयस आणि मग बेरीज बघून म्हणतोयस की गोळी महाग आहे. दोन रकाने कर. गोळी सातशे. लपायचं किती ते तू ठरव, ते एकदम शून्य होणार नाही, मला माहिती आहे आपली पेठ आणि आपली गल्ली कशी असते, पण तो खर्च कमी करता येतो.

एचआयव्हीची टेस्ट सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात फुकट होते, सीपीआरला आहे. काकूची भीती असेल तर इचलकरंजीला आयजीएम हॉस्पिटल आहे, सांगली-मिरजेचं सिव्हिल आहे, तासा-दीड तासाचं अंतर, तिथं तुला कोण ओळखतंय. कुठं जायचं कळलं नाही तर १०९७ ला फोन लाव, फुकट आहे. आणि काकू खरंच त्या खोलीत बसत असली तरी तुझा रिपोर्ट तिला बाहेर सांगता येत नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासनं लागू आहे, संमतीशिवाय टेस्ट करायची नाही, संमतीशिवाय कोणाला सांगायचं नाही, आणि नुसतं एचआयव्ही आहे म्हणून कामावरनं काढायचं नाही. कायद्यानं गल्लीतली कुजबुज थांबते असं मी म्हणत नाही. पण सीपीआरला दिवसाला शेकडो लोक रक्त द्यायला येतात, कोणी शुगरला, कोणी डेंग्यूला.

प्रेप चालू करायच्या आधी नेमकं काय तपासायचं ते लिहून घे, म्हणजे पॅकेजच्या नावाखाली कोणी दहा टेस्ट गळ्यात मारणार नाही. एचआयव्ही, ही निगेटिव्ह असल्याशिवाय एक गोळी पण घ्यायची नाही, कारण लागण झालेली असताना ही दोनच औषधं घेतली तर व्हायरस त्यांना सरावतो आणि पुढच्या उपचाराला अडचण होते. गेल्या तीन-चार आठवड्यांत कंडोमशिवाय झालं असेल आणि ताप, घसा, अंगावर पुरळ असं काही झालं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांग, ते परत टेस्ट करायला सांगतील. हिपॅटायटिस बी, कारण हीच औषधं त्याच्यावर पण काम करतात, आणि तो अंगात असेल तर गोळी चालू-बंद केल्यानं लिव्हरचा त्रास उसळू शकतो, म्हणजे मग दोन-एक-एक तुझ्यासाठी नाही. निगेटिव्ह असेल तर त्याची लस घेऊन टाक. किडनीसाठी क्रिएटिनिन. तालमीत किंवा जिमला जाऊन क्रिएटिनची पावडर घेत असशील तर तेपण सांग, त्यानं आकडा वर दिसू शकतो, आणि गुडघेदुखीला वगैरे पेनकिलर सतत खात असशील तर तेपण. आणि सिफिलिस. मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस, किडनी तुझ्या वयाला इतकी वारंवार लागत नाही, डॉक्टर सांगतील तशी. सुरुवातीला काही जणांना मळमळतं, पोट बिघडतं, डोकं दुखतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं.

कंडोमचं तू 'बहुतेक वेळा' लिहिलंयस. खरं लिहिलंस म्हणून बरं वाटलं, बरेच जण 'नेहमी' लिहितात आणि मग चौथ्या मेलला खरं सांगतात. कंडोम सोडू नकोस, सिफिलिस, गनोरियाला प्रेप काही करत नाही. पण ज्या रात्री राहून जातो त्या रात्रीसाठी प्रेप आहे. आणि प्रेप चालू करायच्या आधीच असं काही झालं तर ७२ तासांच्या आत पेप नावाचा कोर्स चालू करायचा, २८ दिवसांचा, जितका लवकर तितका बरा, सोमवारी झालं तर गुरुवारची वाट बघायची नाही.

एक प्रश्न तू विचारला नाहीस पण बरेच जण विचारतात, की झालाच एचआयव्ही तर औषध फुकटच मिळतं, मग आत्ता कशाला पैसे घालायचे. मिळतं, सीपीआरच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या सेंटरलाच मिळतं, आणि आज औषध घेणारा माणूस पूर्ण आयुष्य जगतो, व्हायरस रक्तात सापडेनासा झाला की त्याच्याकडनं संबंधातनं दुसऱ्याला लागत पण नाही, म्हणून माझे जे मित्र पॉझिटिव्ह आहेत त्यांच्याकडं बोट दाखवून मी तुला घाबरवणार नाही. पण ती गोळी जन्मभर रोजची आहे, त्या सेंटरच्या फेऱ्या जन्मभराच्या आहेत, आणि आज ज्या काकूसाठी तू साडेतीन हजार द्यायला निघालायस ती काकू पण मग जन्मभराची. प्रेप आयुष्यात जोवर धोका आहे तोवरच घ्यायची, नंतर सोडता येते.

आता पैसे कोणी द्यायचे. यावर माझं मत एकदम स्पष्ट आहे पण ते माझ्या अनुभवातनं आलंय, तुला नाही पटलं तर सोडून दे. मध्ये माझं काम सुटलं होतं तेव्हा माझ्या पार्टनरनं सहा महिने माझी बाटली आणली. मनापासनं आणली. पण भांडण झालं की बाटली मध्ये यायची, तो बोलायचा नाही फारसं, एकदाच म्हणाला, तुझ्या गोळ्या पण मीच आणायच्या आणि ऐकून पण मीच घ्यायचं. मी दुसऱ्या दिवसापासनं गोळी बंद केली, स्वाभिमानानं, चार महिने, आणि त्या चार महिन्यांत कंडोमशिवाय काय झालं नाही असं पण नाही. टेस्ट निगेटिव्ह आली, पण रिपोर्ट यायच्या आधीचा तो एक तास बाकावर बसून मी काय काय मनात आणलं ते मला आठवायला पण नको वाटतं. त्याच्या एका वाक्याची शिक्षा मी माझ्या अंगाला दिली होती.

म्हणून तुझी भीती खोटी नाही, पण त्याचे पैसे नाकारून मोकळा पण होऊ नकोस, तो तुझ्यापेक्षा जास्त कमावतो आणि धोक्यातला काही भाग त्याच्या वागण्यानं येतोय, त्यानं काहीतरी उचलणं योग्यच आहे. मी असं सुचवेन की प्रवास त्याच्याकडं टाक. दोन फेऱ्यांपैकी एकीचं भाडं त्यानं द्यावं, किंवा महिन्यातनं एकदा त्यानंच इकडं यावं, तुला हाफ डे पण टाकायला नको. तुझे हजार वाचले, गोळीचे सातशे त्यातच बसले. बाटली तुझ्या पैशानं, तुझ्या हातानं आणायची, उद्या भांडलात, तुटलात, तरी गोळी तुझी तुझ्याकडं राहील. त्याला हे असं सांगून बघ, जो माणूस दुसऱ्यांबद्दल खरं बोलतो तो हे पण समजून घेईल असं मला वाटतं.

तेपण जमलं नाही तर भिशी. माझ्या ओळखीतले तिघे करतात, महिन्याला प्रत्येकी नऊशे, दर महिन्याला एकाच्या हातात सत्तावीसशे, त्यात त्याची बाटली येते आणि टेस्टला उरतात, तीन महिन्यांनी परत त्याचा नंबर. पैसे एकत्र करतात, गोळ्या नाही. एक बाटली आणून सात-आठ गोळ्या वाटून घ्यायचं काही पोरं करतात, ते करू नका रे, कोणाची टेस्ट झालीय, कोणाला हिपॅटायटिस आहे काय माहीत नसतं.

सहा महिन्यांतनं एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल पण तू कुठंतरी वाचलं असशील, लेनाकापाविर. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तिथं वर्षाची छापील किंमत २८ हजार डॉलरच्या वर, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झालं की आपल्याकडच्याच दोन कंपन्या, डॉक्टर रेड्डीज आणि हेटेरो, जेनेरिक करून १२० देशांना २०२७ पासनं वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार, म्हणजे साडेतीन हजार रुपये वर्षाला. तेच औषध. या आकड्यांवरनं स्वतःची किंमत ठरवायची नसते हे मला त्यातनं दिसतं. पण त्याची वाट बघत तू पुढचं वर्ष असंच काढू नकोस, तुझी पुढची फेरी पंधरा दिवसांवर असणार.

तू विचारलंस किती देणं बरोबर. तुझ्या पगारात, तुझ्या वेळापत्रकात मी महिन्याला सातशे ते हजार धरीन, टेस्टसकट. यापेक्षा जास्त कोणी मागितलं तर नेमकं कशाचे ते विचार. आणि पोटाला चिमटा काढून, घरचे १० हजार कमी करून देऊ नकोस, ते तू निभावणार नाहीस आणि तिसऱ्या महिन्यात बंद करशील, माझ्या मित्रासारखं.

ज्या सोमवारी पुण्याला जात नाहीस त्या सोमवारी सकाळी साडेनऊ-दहाला सीपीआरला जा. गेटवर कोणाला काही सांगायची गरज नाही, आयसीटीसी कुठं एवढंच विचार, आत समुपदेशक असतात, त्यांच्यापाशी काय बोलायचं ते बोल. जमलं तर काही न लपवता सांग, त्यांनी आपल्यासारखे खूप बघितलेत. आणि काकू वाटेत भेटलीच आणि इकडं कुठं म्हणाली, तर रक्त तपासायला आलोय म्हण.